अर्जात नसलेला रकाना

१९४३ सालच्या जूनमध्ये इगोर गुझेंको नावाचा चोवीस वर्षांचा सोव्हिएत लेफ्टनंट कॅनडाच्या राजधानीत, ओटावात, उतरला. कागदोपत्री तो वकिलातीतला एक साधा कारकून होता. खरे काम वेगळे होते. वकिलातीतले लष्करी प्रतिनिधी, म्हणजे लष्करी अटॅशे, कर्नल निकोलाय झाबोतिन यांचा तो सायफर क्लार्क होता. कर्नलसाहेबांनी लिहिलेला मजकूर सांकेतिक आकड्यांत बसवायचा, मॉस्कोहून आलेले आकडे उलगडून पुन्हा मजकूर करायचा, आणि हे सारे दुसऱ्या मजल्यावरच्या, खिडक्यांना गज आणि दाराला पोलाद असलेल्या खोलीत बसून. कर्नलला जे ठाऊक होते ते सगळे या मुलाला ठाऊक होते, आणि मॉस्कोहून येणारी गोष्ट तर कर्नलच्या आधी. खोलीबाहेर पाऊल टाकले की मात्र तो वकिलातीच्या उतरंडीत जवळजवळ तळाशी होता. परराष्ट्रातल्या वकिलातीत लष्करी साहाय्यक म्हणून जाणाऱ्या माणसाचा इतिहास याच विसंगतीचा इतिहास आहे. जागा सर्वांत विश्वासाची, आणि मान, पगार, सोबत, देखभाल सर्वांत कमी. या जागेसाठी माणूस निवडण्याची रीत गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत पुष्कळ बदलली. अर्ज लांबले, चौकशा वाढल्या, चारित्र्य पडताळणीचे शास्त्र झाले. पण ही सारी रीत उमेदवाराच्या भूतकाळाकडे तोंड करून उभी राहिली. ज्या जागेवर तो जाऊन बसणार ती जागा माणसाचे काय करते, हा प्रश्न अर्जात कधी आला नाही, आणि मोठी फितुरी जिथून झाली ती बहुतेक वेळा याच न विचारलेल्या प्रश्नातून, असे माझे म्हणणे आहे.

अटॅशेचा इतिहास बराच लिहिला गेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातल्या मोठ्या दरबारांत एकमेकांचे लष्करी अधिकारी नेमून ठेवण्याची पद्धत रुळली, आणि १८८९ मध्ये अमेरिकेनेही लंडन, पॅरिस, बर्लिन अशा राजधान्यांत आपले पहिले अटॅशे पाठवले. त्यांची निवड कशी होई हेही आपल्याला माहीत आहे. घराणे बरे हवे, भाषा याव्यात, घोड्यावर आणि मेजवानीत शोभावे, आणि पगारापलीकडचा खर्च सोसण्याइतका स्वतःचा पैसा असावा. त्यांच्या टेबलापाशी बसून अहवालाच्या नकला करणारा, तिजोरीची किल्ली सांभाळणारा, टपालाची थैली बांधणारा माणूस मात्र त्या ग्रंथांत क्वचितच सापडतो. तो सापडतो तो एखादे प्रकरण फुटल्यावर. पॅरिसमधल्या जर्मन वकिलातीत लष्करी अटॅशे फॉन श्वार्त्सकोपन यांच्या केराच्या टोपलीतले कागद फ्रेंच हेरखात्याकडे पोचवणारी झाडलोटवाली बाई, मारी बास्तियाँ, इतिहासाला माहीत झाली ती १८९४ मध्ये फ्रान्समधल्या द्रेफ्यूस हेरगिरी प्रकरणाला सुरुवात करून देणारा कागद त्या वाटेने बाहेर आला म्हणून. कायद्याची नजरही तशीच आहे. वकिलातींविषयीच्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या सातव्या कलमात यजमान देशाला एवढा हक्क दिला आहे की लष्करी, नौदली आणि हवाई अटॅशेंची नावे त्याने संमतीसाठी आधी मागवावीत. ही खास तरतूद साहेबापुरती आहे. साहेबाचा कारकून ‘प्रशासकीय व तांत्रिक कर्मचारी’ या गठ्ठ्यात जातो. त्याला संरक्षण मिळते, पण त्याच्या नावाचा वेगळा विचार करावा असे करार लिहिणाऱ्यांना वाटले नाही.

आपल्याकडे या धंद्याची एक जुनी रीत होती, आणि तिची खूण भाषेत अजून आहे. मराठ्यांचा वकील दिल्लीला किंवा हैदराबादला जाई तेव्हा एकटा जात नसे. त्याच्याबरोबर कारकून, फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा मुनशी किंवा पारसनीस, पत्रे घेऊन जोडीने धावणारे जासूद, हरकारे, खिदमतगार आणि थोडे स्वार-प्यादे असा लवाजमा असे. पारसनीस हे आज आपल्याला आडनाव म्हणूनच ठाऊक आहे, पण तो एक हुद्दा होता. कारकुनाच्या नेमणुकीला आजच्या अर्थाने अर्ज नव्हता, उमेदवारी होती. आज निवडणुकीला उभा राहतो तो उमेदवार. पूर्वी फडावर किंवा कचेरीत एखाद्या जाणत्या कारकुनाच्या हाताखाली बिनपगारी किंवा पोटापुरत्यावर राबत, कधीतरी जागा मिळेल या उमेदीवर थांबलेला पोरगा तो उमेदवार. ‘उमेदवारीचा काळ’ असे आपण अजून म्हणतो ते त्याच अर्थाने. मोडी वळण घटवणे, लखोटा बांधणे, ताळेबंद जमवणे या गोष्टी तर तो शिकेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो रोज कुणाच्या तरी डोळ्यांसमोर असे. त्याला राग कशाने येतो, पैशाला तो कसा हात लावतो, ऐकलेली गोष्ट पोटात राहते की नाही, हे वर्षानुवर्षे पाहून मग त्याच्या हाती दौत-लेखणी येई. वकिलीही घराण्यात चाले. नाशिकचे महादेवभट हिंगणे आणि त्यांच्यामागे त्यांचे मुलगे यांनी दिल्लीची वकिली सांभाळली, आणि त्यांच्याबरोबरचा कारकून हा बहुधा त्याच घरच्या पंगतीत जेवणारा, त्याच गावच्या ओळखीतला माणूस असे.

या रीतीचे गोडवे गाण्याचा मोह आवरला पाहिजे, कारण तिच्यावरचा आक्षेप रास्त आहे. ती थोड्या जातींपुरती आणि थोड्या घरांपुरती होती. बाहेरच्या हुशार मुलाला तिथे दार नव्हते. शिवाय तिने फितुरी थांबली असेही नाही. १७८६ मध्ये इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट पुण्यात आला, मुळा-मुठेच्या संगमावर इंग्रजांची रेसिडेन्सी उभी राहिली, आणि पुढच्या तीस वर्षांत पुणे दरबारातली खलबते तिथे पोचवणारी माणसे रेसिडेंटला पुण्यातच मिळाली. सरदार रास्त्यांच्या पदरी कारकुनी केलेला बाळाजीपंत नातू रेसिडेंट एल्फिन्स्टनच्या आश्रयाला गेला, आणि १७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण चढवणारा म्हणून त्याचे नाव राहिले. त्याच महिन्याच्या ५ तारखेला, खडकीच्या लढाईच्या दिवशी, मराठ्यांनी रेसिडेन्सी जाळली. कागद आणि ग्रंथ जळाले, पण माहिती आधीच गेलेली होती. तेव्हा जुनी रीत निर्दोष होती असे मी म्हणत नाही. तिच्यात एक गोष्ट मात्र होती जी पुढच्या छापील अर्जाने गमावली. तिच्यात माणसाची परीक्षा संपत नसे. कारकून परमुलखात गेला तरी ज्याच्या हाताखाली तो वाढला त्याच्या, किंवा त्याच्या भावाबंदाच्या, पंगतीतच बसे. त्याचे काही बिघडले तर ते दिसे. पेशवाईच्या शेवटी दरबारातली ही पंगतच मोडली होती, पगार थकत होते, सरदार धन्यावर रुसलेले होते, आणि फितुरी वाढली ती त्याच सुमारास. माझ्या मते हा काळाचा नुसता योगायोग नाही.

विसाव्या शतकात जागा जाहीर होऊ लागल्या. खात्याच्या परिपत्रकात रिकाम्या पदाची नोंद निघे, इच्छुकांनी वरिष्ठांमार्फत अर्ज करावा, लघुलेखन-टंकलेखन यावे, शेरेबुक स्वच्छ असावे. ब्रिटिश नौदल खात्याचे अशा जागांचे दोन निकाल आज सर्वांना माहीत आहेत, आणि ते लागोपाठ पाहिले की फार काही उमगते. पहिला हॅरी हॉटन. नौदलात पुष्कळ वर्षे काढून निवृत्त झालेला आणि मग नागरी कारकुनीत शिरलेला हा माणूस १९५१ मध्ये वॉर्सातल्या ब्रिटिश वकिलातीत नौदल अटॅशेचा कारकून म्हणून गेला. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या त्या शहरात कॉफीला सोन्याची किंमत होती, आणि वकिलातीतल्या माणसाला कॉफी सहज मिळे. हॉटन काळ्या बाजारात उतरला, दारू वाढली, आणि पोलिश हेरखात्याशी त्याचा संबंध जुळला. पुढच्याच वर्षी दारूपायी त्याला परत पाठवले गेले. इथवर जे घडले ते कुठल्याही कचेरीत घडू शकते. पण परत आल्यावर त्याला जागा मिळाली ती पोर्टलंडच्या पाणबुडीशोध संशोधन केंद्रात, जिथे नौदलाची अत्यंत गुप्त कामे चालत. वॉर्साचा शेरा आणि पोर्टलंडची जागा यांची गाठ कुणी घातली नाही. १९५० च्या दशकाच्या मध्यात त्याच्या बायकोने आपला संशय अधिकाऱ्यांच्या कानावर घातला, तेव्हा नवऱ्यावर चिडलेल्या बाईचे बोलणे म्हणून तो बाजूला ठेवला गेला. पाच वर्षांनी, १९६१ च्या जानेवारीत, लंडनमध्ये हॉटन पकडला गेला आणि त्याला पंधरा वर्षांची शिक्षा झाली. त्या बाईने सांगितले ते खरे होते, आणि ते तिला कळले होते कारण ती त्याच्याबरोबर राहत होती. एवढा साधा पुरावा दफ्तरात बसला नाही, कारण दफ्तराला असा रकानाच नव्हता.

दुसरा जॉन व्हॅसल. पाद्र्याचा मुलगा, युद्धात हवाई दलात छायाचित्रकार, नंतर नौदल मंत्रालयातला कारकून, नीटनेटका, अदबशीर, संगीत-नाटकाची आवड असलेला. मॉस्कोतल्या नौदल अटॅशेच्या कचेरीतली जागा त्याने आपण होऊन मागितली आणि १९५४ च्या वसंतात तो तिथे पोचला. कागदावर त्याच्याविरुद्ध बोलण्यासारखे काही नव्हते. आता त्या वकिलातीतले त्याचे जगणे जरा जवळून पाहू. वरच्या अधिकाऱ्यांच्या मेजवान्या वेगळ्या, आणि कारकून त्यांत नाही. बाहेर शहर आहे, पण रशियन माणसाशी मैत्री करायची नाही. तो एकटा आहे, अविवाहित आहे, पुरुषांवर प्रेम करणारा आहे, आणि हे शब्दानेही कुणाला सांगण्याची सोय नाही, कारण इंग्लंडमध्ये १९६७ पर्यंत आणि सोव्हिएत संघात त्यानंतरही तो गुन्हा होता. या बंद डब्यात त्याला घराबाहेर नेणारा, तिकिटे काढून देणारा, हसून बोलणारा एकच माणूस भेटला, आणि तो होता वकिलातीतच कामाला असलेला मिखाइल्स्की नावाचा स्थानिक नोकर. मॉस्कोत परदेशी वकिलातींना स्थानिक नोकरमाणसे सोव्हिएत सरकारच्याच कचेरीमार्फत घ्यावी लागत, ही गोष्ट तिथे सर्वांना ठाऊक होती. तरीही वकिलातीचे रोजचे गाडे त्याच माणसांवर चालत होते आणि कनिष्ठ कर्मचाऱ्यांची सोबतही तीच होती. पुढे एका मेजवानीत दारू पाजून व्हॅसलची छायाचित्रे घेतली गेली, ती त्याच्यासमोर मांडली गेली, आणि मग तो कागद पुरवत राहिला. १९५६ मध्ये तो लंडनला परतला आणि नौदलाच्या गुप्तवार्ता विभागापासून एका मंत्र्याच्या खासगी कचेरीपर्यंत फिरत राहिला. सप्टेंबर १९६२ मध्ये अटक झाली आणि अठरा वर्षांची शिक्षा.

मधल्या काळात ब्रिटनमध्ये पडताळणीची नवी रीत आली होती. १९५० मध्ये अणुशास्त्रज्ञ क्लाउस फुक्सची हेरगिरीची कबुली आणि १९५१ मध्ये सोव्हिएत हेर निघालेल्या बर्जेस-मॅक्लीन या ब्रिटिश अधिकाऱ्यांचे पलायन, यांनंतर गुप्त कामावरच्या माणसाची नुसती नोंद तपासून भागणार नाही, त्याची सविस्तर चौकशी करावी असे ठरले. नवा फॉर्म आला, संदर्भ देणाऱ्यांची नावे आली, घरी जाऊन विचारपूस आली. व्हॅसलचीही अशी चौकशी परतल्यावर झाली आणि तीतून तो सुटला, कारण त्याने ज्यांची नावे दिली होती त्या वयस्क स्त्रिया त्याला ओळखत होत्या त्या तो किती सभ्य आहे एवढ्यापुरत्याच. चौकशी खोटी नव्हती, त्या स्त्रियाही खोटे बोलल्या नाहीत. विचारलेले प्रश्न चुकले होते. हॉटननंतर रोमर समिती बसली, व्हॅसलनंतर रॅडक्लिफ न्यायाधिकरण. दर वेळी फॉर्मात काहीतरी वाढले, दारू, कर्ज, लैंगिक आयुष्य, परदेशी नातेवाईक. आपल्याकडचा सरकारी अटेस्टेशन फॉर्म ज्यांनी भरला आहे त्यांना हे रकाने पाठ असतील: गेल्या पाच वर्षांत एक वर्षाहून जास्त कुठे राहिलात, कधी अटक झाली का, दोन प्रतिष्ठित व्यक्तींची नावे. हे प्रश्न आवश्यक आहेत, त्यांना माझा विरोध नाही. पण ते सारे ‘हा कोण होता’ एवढेच विचारतात. व्हॅसल मॉस्कोला गेला तेव्हा तो कुणाचा हेर नव्हता. कितीही बारीक चाळणी लावली असती तरी तिच्यात त्या दिवशी सापडण्यासारखी फितुरी नव्हती. सापडला असता तो फक्त एक एकटा आणि भयभीत माणूस, आणि त्या भयाचा अर्धा भाग त्याच्याच देशाच्या कायद्याने निर्माण केलेला होता. ज्या सरकारने त्याला ते लपवायला लावले त्याच सरकारने मग तो ते लपवतो म्हणून त्याला धोकादायक ठरवले, हे मला आजही अन्यायाचे वाटते. व्हॅसलने दिलेले कागद ही त्याची जबाबदारी आहेच. तरी हा अन्याय त्याने पुसला जात नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मी दोषींची जबाबदारी जागेवर ढकलतो आहे. हॉटनला कुणी छायाचित्रे दाखवली नव्हती. त्याला पैसा हवा होता, आणि तो पोर्टलंडला आला तेव्हा भोवती इंग्लंड होते, एकाकीपणाची सबब नव्हती. हे खरे आहे. हॉटन लोभी होता आणि लोभ कुठल्याही वकिलातीने लावून दिलेला नसतो. पण लोभाला वॉर्सात जी संधी मिळाली ती त्या जागेची होती. नियंत्रित अर्थव्यवस्थेच्या देशात परकी चलन आणि परकी माल हातात असलेला, वरच्यांच्या नजरेबाहेरचा, कमी पगाराचा कारकून म्हणजे काळ्या बाजाराचा नैसर्गिक दलाल. त्याचे पहिले गैरवर्तन उघड होते, दिसले होते, आणि त्याची दखल घेतली गेली ती फक्त बदलीने. बदली हा आपल्या सगळ्याच सरकारी खात्यांचा जुना उपाय आहे, आणि तो रोग पुढच्या कचेरीला देतो. म्हणजे या प्रकरणातही चूक माणूस निवडण्यात जेवढी होती त्याहून जास्त, निवडलेल्या माणसाकडे नंतर कुणी पाहायचे हे न ठरवण्यात होती.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. अशा हजारो जागांवर हजारो माणसे गेली, एकाकी राहिली, अपमान गिळले आणि इमानाने परत आली. मग जागा दोषी कशी? जागाच दोषी असेल तर सगळेच फुटायला हवेत. याचे उत्तर देण्याआधी एक चांगला प्रयोग पाहू. अमेरिकेने १५ डिसेंबर १९४८ च्या करारान्वये आपल्या वकिलातींच्या पहाऱ्यासाठी मरीन सैनिक द्यायचे ठरवले आणि १९४९ च्या आरंभी पहिली तुकडी रवाना झाली. ही जागा स्वेच्छेने अर्ज करून मिळवायची, त्यासाठी निवड कडक, शाळा वेगळी, आणि तिच्यातून मध्येच परत पाठवले जाणारे बरेच. कनिष्ठ हुद्द्यांसाठी अट होती अविवाहित असण्याची. घर-संसाराचा खर्च आणि ओढ नको, हा तिच्यामागचा हिशेब. निवडीच्या दृष्टीने याहून काळजीपूर्वक रीत दाखवणे अवघड आहे. आणि त्याच रीतीतून क्लेटन लोनट्री हा सार्जंट १९८४ मध्ये मॉस्कोला गेला. वकिलातीत नोकरीला असलेल्या व्हायोलेटा सेइना नावाच्या रशियन मुलीच्या प्रेमात पडला, तिच्या ‘काका’शी ओळख झाली, आणि काका केजीबीचे निघाले. मरीनने स्थानिक मुलींशी संबंध ठेवू नयेत हा नियम त्याला ठाऊक होता. तरुण मुलाला अविवाहित राहायची अट घालायची, परक्या शहरात ठेवायचे, आणि प्रेम करू नकोस म्हणायचे, या तीन गोष्टी एकत्र ठेवल्यावर तिसरी कधी ना कधी मोडणार हे सांगायला हेरखात्याची गरज नाही. डिसेंबर १९८६ मध्ये, व्हिएन्नात बदली झालेली असताना, त्याने स्वतःच कबुली दिली. १९८७ मध्ये लष्करी न्यायालयाने तीस वर्षांची शिक्षा सुनावली. पुढे ती कमी झाली आणि सुमारे नऊ वर्षांनी तो सुटला. शिक्षा कमी करावी अशी शिफारस खुद्द मरीन दलाच्या प्रमुखांनी केली होती, आणि त्यांच्या लेखी लोनट्री हा लोभी फितूर नव्हता, परक्या ठिकाणी एकटा पडलेला कच्चा पोरगा होता.

आता आक्षेपाचे उत्तर. बहुसंख्य माणसे टिकतात हे खरे, पण कोण टिकणार आणि कोण नाही हे अर्जावरून आधी ओळखता आलेले नाही, हे तितकेच खरे. मरीन दलाची चाळणी आणि ब्रिटिश नौदल खात्याची ढिलाई यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, तरी मॉस्कोत दोघांचा निकाल सारखाच लागला. उलट तिन्ही प्रकरणांत, नेमणुकीनंतर, डोळ्यांना दिसेल असे काही बदललेले होते. हॉटनची दारू, व्हॅसलचा एकमेव मित्र, लोनट्रीचे प्रेम. हे पाहण्याचे काम कुणाच्याच वाट्याला दिलेले नव्हते. अटॅशे साहेबाचे लक्ष यजमान देशाच्या रणगाड्यांवर, सुरक्षा अधिकाऱ्याचे लक्ष कुलपांवर. इमानाने परतलेले हजारो लोक स्वतःच्या बळावर परतले. त्यांच्या इमानाचे श्रेय त्या व्यवस्थेने स्वतःकडे घेऊ नये.

मग कुटुंब बरोबर पाठवले की प्रश्न सुटला, असे कुणी म्हणेल. इथे पुन्हा ओटावाला जावे लागते. गुझेंकोची बायको त्याच्याबरोबर होती, तिला तिथे मूल झाले, आणि असे सांगतात की तान्ह्या पोराच्या रडण्याने कर्नलच्या पत्नीला त्रास होई म्हणून या जोडप्याला वकिलातीच्या देखरेखीबाहेर, सॉमरसेट स्ट्रीटवर भाड्याच्या घरात राहायची मुभा मिळाली. सायफर क्लार्कने असे बाहेर राहणे नियमाविरुद्ध होते. त्या घरात त्यांना शेजारी मिळाले, दुकाने मिळाली, कुणी न विचारता बोलणारे लोक मिळाले. परतण्याचा हुकूम आला तेव्हा तो परतला नाही. ५ सप्टेंबर १९४५ च्या रात्री त्याने शंभराहून अधिक कागद अंगावर लपवून बाहेर आणले. एका वृत्तपत्राच्या कचेरीत त्याचे ऐकून घेतले गेले नाही, दुसऱ्या दिवशी मंत्रालयातही दाद लागली नाही. रात्री वकिलातीची माणसे दार फोडून घरात शिरली तेव्हा तो, बायको आणि मूल शेजाऱ्याकडे लपलेले होते. त्या कागदांतून कॅनडातले सोव्हिएत हेरजाळे उघड झाले आणि १९४६ मध्ये राजाज्ञेने आयोग बसला. गुझेंकोचा निर्णय मी हॉटनच्या रांगेत बसवत नाही. आपल्या देशाची राजवट कशी आहे हे त्याने ओळखले होते आणि मुलाचे भवितव्य त्याच्यापुढे होते. पाश्चात्त्यांनी त्याला धैर्यवान म्हटले, मॉस्कोने गद्दार. माझा मुद्दा नैतिक निवाड्याचा नाही. ज्या कर्नलने आपल्या कारकुनाला सगळी गुपिते दिली, त्याने त्याच्या तान्ह्या मुलाला वकिलातीच्या भिंतींत जागा दिली नाही, आणि या दोन गोष्टींतली तफावत कुठल्याही चौकशी अहवालातल्या शिफारशीने भरून निघत नाही.

आणखी एक घटना या संदर्भात नोंदवण्यासारखी आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये, हकालपट्टीच्या देवाणघेवाणीत, सोव्हिएत सरकारने मॉस्कोतल्या अमेरिकी वकिलातीतून आपली सारी माणसे एका दिवसात काढून घेतली. ड्रायव्हर नाहीत, झाडू मारणारे नाहीत, स्वयंपाकी नाहीत. मग राजनैतिक अधिकारी ट्रक चालवू लागले, भांडी घासू लागले, माल उतरवू लागले. गैरसोय खूप झाली, पण जे काम आणि जी सोबत दुसऱ्याच्या हेरखात्याकडून उसनी घेतली होती ती आपल्याच लोकांत आली. हे कुणी धोरण म्हणून केले नाही, ते ओढवले. तरी वरचा आणि खालचा माणूस एकाच मोरीवर उभा राहिला की काय बदलते, याची ती थोडी ओळख होती. मराठी वकिलाच्या बिऱ्हाडात ही गोष्ट सहज होती. तिथे ती जातीच्या कुंपणात होती, म्हणून ती तशीच परत आणता येणार नाही आणि आणू नये. पण कुंपण काढूनही पंगत ठेवता येते असे मला वाटते, आणि ती ठेवायची तर ती अटॅशेच्या कामाचा भाग म्हणून त्याच्या शेरेबुकात उतरली पाहिजे: हाताखालचा कारकून कुठे राहतो, सुटीच्या दिवशी कुणाबरोबर जेवतो, कुणाशी बोलतो आणि त्याच्याशी कोण बोलते.

२०२४ मध्ये भारताने पोलंड, आर्मेनिया, फिलिपिन्स, इथिओपिया, मोझांबिक अशा देशांत पहिल्यांदाच स्वतंत्र लष्करी अटॅशे नेमायचे ठरवले. त्या बातमीत अधिकाऱ्यांचे हुद्दे होते, देशांची यादी होती, शस्त्रविक्रीच्या शक्यता होत्या. त्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या कचेरीत एक टेबल आणखी लागणार आहे. त्यासाठी कुठल्या तरी युनिटमधला एखादा हवालदार क्लार्क वरिष्ठांमार्फत अर्ज करेल, गोपनीय अहवालाच्या नकला जोडेल, पोलीस पडताळणीची वाट पाहील, निवड झाली की गावी फोन करून सांगेल. आदिस अबाबात किंवा येरेवानमध्ये त्याच्या मुलाला शाळा कुठली, बायकोला बोलायला माणूस कोण, आणि आजारी पडला तर रात्री दार कुणाचे ठोठावायचे, हे त्याच्या फाइलवर कुणीतरी तो निघायच्या आधी लिहायला हवे.